बाबांची भरली वांगी

पुतणीचं केळवण होतं. डिसेंबरातला रविवार, बाजारात काटेरी देठांची छोटी जांभळी वांगी भरपूर आलेली, म्हणून भरली वांगी केली होती. पानं वाढून झाली, पहिली पोळी संपली आणि पार्ल्याच्या मावशींनी हात थांबवून विचारलं, "ही वांगी कोणाची गं?" मावशी म्हणजे माझ्या सासूबाईंची धाकटी बहीण. वय ऐंशीच्या पुढे, जीभ अजून शाबूत. "मीच केलीत मावशी," मी म्हटलं. "ते कळलं गं. पण ही ताईची पद्धत नाही. तुझ्या आईची का?" मी म्हटलं, "नाही, बाबांची." मावशींना नवल वाटलं. वडील स्वयंपाक करायचे? त्यांना कोणी शिकवला? "टीव्हीवर बघून शिकले ते," मी सांगितलं. मावशींनी हातातला घास संपवला आणि अगदी समजुतीच्या सुरात म्हणाल्या, "असं होय. म्हणजे तशी घरची नाही म्हणायची." मग त्यांनी आणखी एक वांगं मागून घेतलं, पुतणीच्या शालूबद्दल बोलणं सुरू झालं, आणि जेवणं छान झाली.

मावशींच्या मनात काही वावगं नव्हतं. पण ते वाक्य त्या दिवसापासून माझ्या डोक्यातून जात नाहीये.

ही वांगी वेगळी लागतात हे खरं आहे. आमच्या सासरी भरल्या वांग्यात दाण्याचं कूट, ओलं खोबरं, गोडा मसाला, चिंच-गूळ. मी करते त्यात दाणे, तीळ आणि सुकं खोबरं तिन्ही वेगवेगळं भाजून एकत्र वाटलेलं, भाजलेला कांदा, फोडणीला भरपूर कढीपत्ता, आंबटाला आमसूल आणि तिखटाला लालबागहून कुटून आणलेला मालवणी मसाला. ज्याला जेवणातलं कळतं त्याला पहिल्या घासातच शंका येईल, कारण दाणे-तीळ-खोबऱ्याचं ते वाटण मुळात हैदराबादच्या बघाऱ्या बैंगनचं आहे. हैदराबादशी आमच्या घरातल्या कुणाचाही कधी संबंध आला नाही. बाबा कणकवलीजवळच्या गावातून मुंबईला आले ते थेट परळच्या गिरणीत, आणि रिटायर होऊन परत गावी जायचं स्वप्न बघत तिथेच राहिले. ते वाटण आमच्याकडे आलं टीव्हीतून, एका दुपारी, दार लावून घेतलेल्या खोलीत.

दार लावून घेतलेली खोली, हे चाळीत राहिलेल्यांना मुद्दाम सांगायला नको. आमच्या चाळीत सकाळी दूधवाला आल्यापासून रात्री निजानीज होईपर्यंत दार उघडंच असायचं. दुपारी दार लागलेलं दिसलं की शेजारच्या काकू हाक मारून विचारायच्या, बरं नाही का कुणाला? बाबा सांगायचे, जरा पडतो. आई तेव्हा महापालिकेच्या दवाखान्यात आया होती, तिच्या पाळ्या बदलत्या. बाबांची गिरणी 1982च्या संपानंतर अर्धीमुर्धी सुरू झाली, काही वर्षं रखडत चालली आणि मग पुरती थांबली. मी नववी-दहावीत असेन. त्यानंतर बाबा घरी, आई कामावर. हे आमच्या मजल्यावर कितीतरी घरांत झालं होतं. बायका कुणाकडे पोळ्या करायला, कुणी दवाखान्यात, कुणी शिवणाच्या मशीनवर. पुरुष गॅलरीत कठड्याला टेकून उभे. त्या उभं राहण्याबद्दल मला कधीतरी सविस्तर लिहायचं आहे, आज नको.

बाबांनी तोवर आयुष्यात स्वतःसाठी चहाही केला नव्हता. गावी आईने वाढलं, मुंबईत आल्यावर खानावळीतल्या मावशीने, लग्न झाल्यावर माझ्या आईने. गिरणगावातल्या एकट्या पुरुषांना या खानावळवाल्या बायांनी किती वर्षं जेवू घातलं, याचा हिशोब कुणी कधी नीट मांडलेला नाही. निदान प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढून त्या बायांच्या कामाला नाव तरी मिळवून दिलं. बाबा ज्या मावशीकडे जेवायचे तिचं नाव ते अखेरपर्यंत आदराने घ्यायचे. तिची माशाची आमटी कशी असायची, भातावर ती किती पातळ सोडायची, सगळं त्यांना आठवायचं. फक्त ती आमटी होते कशी, हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. त्यांच्या पिढीच्या पुरुषांना जेवण पानात आल्यावरच दिसायचं.

आणि आता आई दुपारपाळीला गेली की रात्रीचं जेवण कुणी करायचं, हा प्रश्न रोज संध्याकाळी घरात येऊन बसायचा. मी भात लावायची, डाळ शिजवायची. भाजी मात्र आईच सकाळी करून ठेवायची, पाच वाजता उठून. बाबांना ते बघवत नसणार. पण विचारायचं कुणाला? आईला विचारलं तर ती घाईत हाताने दाखवायची, असं असं करायचं, अंदाजाने. तिने स्वतः कधी मोजून काही घातलेलं नव्हतं, ती सांगणार काय. शेजारच्या काकूंना विचारायचं म्हणजे संध्याकाळपर्यंत मजलाभर. गॅलरीतल्या मित्रांना विचारण्याचा प्रश्नच नव्हता. घरात बसावं लागणं वेगळं आणि घरातलं काम शिकायला निघणं वेगळं. दुसरं केलं की पहिलं कायमचं झालं असं मानावं लागतं. बाबांना ते तोंडाने कुणाजवळ म्हणायचं नव्हतं.

टीव्हीला मात्र काही विचारावं लागत नाही.

झी टीव्हीवर 'खाना खजाना' 1993 मध्ये सुरू झाला. जुहूच्या सेंटॉर हॉटेलात शेफ असलेले संजीव कपूर तो करायचे. सुरुवातीला त्याचं दिग्दर्शन सिनेदिग्दर्शक हंसल मेहता करत असत, हे मला फार नंतर कळलं. तोवर दूरदर्शनवर बायकांच्या कार्यक्रमांत पाककृती यायच्या, त्या बायकांनी बायकांना सांगितलेल्या असायच्या, आणि त्या लागल्या की बाबा पेपरात डोकं घालायचे. इथे पहिल्यांदाच एक तरुण, हसरा, नीटनेटका पुरुष गॅससमोर उभा राहून कांदा चिरत होता आणि त्याला त्याचं काहीच वाटत नव्हतं. बाबांनी तोवर स्वयंपाक करणारे पुरुष पाहिले होते ते लग्नातले आचारी आणि इराण्याच्या हॉटेलातले भटारखान्यात घामाघूम होणारे लोक. कुणीतरी अभिमानाने, खुशीत, घरातल्या माणसांसाठी म्हणून स्वयंपाक करतोय आणि तो पुरुष आहे, हे दृश्य त्यांच्यासाठी नवं होतं. संजीव कपूरांना 2017 मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा बाबा नव्हते. असते तर त्यांनी पेढे आणले असते, याबद्दल मला शंका नाही.

आमचा टीव्ही ब्लॅक अँड व्हाइट होता. केबलवाल्याने वायर आणून जोडून दिली होती आणि बटणं फिरवून जेवढे चॅनेल लागतील तेवढे आम्ही बघायचो. आता त्या टीव्हीवर स्वयंपाक शिकायचा म्हणजे काय, याचा विचार करा. कांदा सोनेरी होईपर्यंत परता. हळदीचा कच्चेपणा जाऊ द्या. मसाल्याला लालसर रंग आला की टोमॅटो घाला. पडद्यावर सगळं राखाडी. बाबा पुढे सरकून, गुडघ्यांवर हात ठेवून बघायचे. त्यांनी काय शोधून काढलं ते त्यांनी मला नंतर कांदा परतायला लावलं तेव्हा सांगितलं. कच्चा कांदा पडद्यावर पांढरा दिसतो, मग काचेसारखा होऊन दिसेनासा होतो, आणि मग कडांपासून काळवंडायला लागतो. दिसेनासा होणं आणि काळवंडणं यांच्या मधल्या वेळात तो सोनेरी असतो. शिवाय आवाज. पाणी असेपर्यंत कांदा चुरचुरतो, पाणी संपलं की आवाज खाली बसतो. गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, उभं राहिलेल्या माणसाला आवाज बदललेला लगेच कळतो. इतक्या साच्यांच्या गोंगाटात एखादा धागा तुटला तर कान तिकडे जायचा, असं ते सांगायचे. तोच कान त्यांनी कढईला लावला. मी आजही कांदा परतताना आधी ऐकते, मग बघते.

वासाचं काम टीव्हीकडून होण्यासारखं नव्हतं, ते लालबागने केलं. बाबांची एक एलआयसीची डायरी होती, तिच्यात ते कार्यक्रम चालू असताना भराभर उतरवून घ्यायचे, अर्धं मराठी, अर्धं हिंदी. थांबवता येत नव्हतं, मागे नेता येत नव्हतं. जे सुटलं ते सुटलं. मग दुसऱ्या दिवशी डायरी पिशवीत घालून ते मिरची गल्लीत जायचे. तिथे एक वयस्कर दुकानदार होता. बाबा एकेक नाव वाचायचे, तो बरणी उघडून चिमूटभर तळहातावर ठेवायचा, बाबा चुरडून वास घ्यायचे. शहाजिरे, जायपत्री, दगडफूल, कांद्याचं बी. आमच्या घरात यातलं निम्मं कधी आलेलं नव्हतं. आई वर्षाचा मसाला उन्हाळ्यात एकदा डंकावरून कुटून आणायची आणि तो सगळ्याला पुरायचा, त्यामुळे त्यातल्या एकेका जिनसाला वेगळा वास असतो हे मलाही तिथेच कळलं. मी एकदा त्यांच्याबरोबर गेले होते. गल्लीभर मिरचीचा ठसका, लोक नाकाला रुमाल लावून चाललेले, डंकाचा धडधड आवाज, आणि त्यात माझे बाबा डोळे मिटून हातातल्या तमालपत्राचा वास घेतायत. घेतलं मात्र पुड्याभर, पाच रुपयांचं. काजू घेतले नाहीत. मलई तर नाहीच.

कारण टीव्हीवरचा स्वयंपाक आमच्यासारख्यांच्या घरासाठी केलेला नव्हता, हेही खरं. तिथे काजूची पेस्ट, क्रीम, ओव्हन, नॉनस्टिक पॅन. काचेच्या छोट्या छोट्या वाट्यांमध्ये सगळं चिरून, मोजून तयार. अर्ध्या तासात तीन पदार्थ आणि खरकटं भांडं एकही नाही. त्यात बाई नाही, बाईमागची मोरी नाही, पाणी जायच्या आधी भांडी घासून घ्यायची धांदल नाही. मला याचा राग यायचा आणि अजूनही थोडा येतो. ज्या कामात सर्वांत जास्त वेळ जातो, म्हणजे निवडणं, धुणं, सोलणं, आवरणं, तेच कापून टाकून उरलेल्याला स्वयंपाक म्हणून दाखवलं गेलं, आणि एका अख्ख्या पिढीला वाटलं की स्वयंपाक म्हणजे फोडणी आणि वरून कोथिंबीर. बाबांना मात्र हे आवरण्याचं काम आपलं आपण समजलं. त्यांनी केलं की ओटा पुसलेला, भांडी पालथी घातलेली, फडकं पिळून दोरीवर. कामगार पाळी संपवताना आपली जागा साफ करून जातो, एवढंच ते म्हणायचे. काजूच्या जागी त्यांनी दाणे घातले, क्रीमच्या जागी दुधावरची साय, आणि ओव्हनचे पदार्थ डायरीत लिहून घेतले पण केले नाहीत.

त्या वांग्यांची दुपार मला नीट आठवते. मी शाळेतून आले तर दार लागलेलं आणि गॅलरीत दाणे भाजल्याचा खमंग वास. काकू बाहेर उभ्या, म्हणाल्या, आई आली वाटतं लवकर? मी हो म्हटलं. आत बाबा स्टुलावर बसून पाट्यावर वाटत होते, मिक्सरचा आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. शेजारी डायरी उघडी, पानाच्या कोपऱ्यावर तेलाचा डाग. वांग्यांना देठ ठेवून चार चिरा दिलेल्या, मिठाच्या पाण्यात घातलेली. कृतीत लिहिलं होतं, वांगी आधी तेलात तळून घ्या, आणि तेल खूप लागणार होतं. बाबा तेलाच्या डब्याकडे बघत थांबले होते. त्या दिवशी आई खरंच लवकर आली. कुणाशी तरी पाळी बदलून घेतली होती तिने. दारात उभी राहून तिने सगळं पाहिलं. पाटा, डायरी, बाबा. मला वाटलं ती हसेल, किंवा रडेल. ती यातलं काहीच न करता पाय धुऊन आली, पदर खोचला आणि म्हणाली, "एवढं त्याल नको." पळीभर तेल कढईत घातलं, फोडणी केली, भरलेली वांगी एकेक करून अलगद बसवली, वर ताट झाकलं आणि ताटात पाणी ओतलं. "पाणी तापलं की त्येच आत सोडायचं," ती म्हणाली, बाबांकडे न बघता. बाबांनी डायरी उचलली आणि ते लिहून घेतलं.

चिंच संपली होती म्हणून आमसुलं पडली. तीही आईनेच टाकली.

आईला बाबांचं शिकणं आवडलं का, हे मला आजतागायत सांगता येत नाही. पाच वाजता उठणं थांबलं याचं तिला सुख झालं असणार. पण घरात एवढी एक जागा तिची होती, बाकी सगळं तिच्याकडून काढून घेतलं जात असताना जिथे तिचा शब्द चालायचा, आणि तिथे आता कुणीतरी तमालपत्र घालत होतं. मीठ कमी पडलं की ती बोलून दाखवायची. चांगलं झालं की गप्प राहून दुसऱ्यांदा वाढून घ्यायची. बाबांना ती भाषा कळत होती, ते खूश असायचे. पुढे पुढे दार उघडं राहायला लागलं. कसं आणि केव्हा ते लक्षात नाही. चाळीतले दोघंतिघं रविवारी 'खाना खजाना' लागला की आमच्याकडे येऊन बसायला लागले, आधी थट्टा करायला, मग बघायला. त्यातल्या एकाने पुढे वडापावची गाडी टाकली. ती टीव्हीमुळे टाकली असं मी म्हणणार नाही, पण तो बसून बघायचा, हे मी पाहिलेलं आहे.

चाळीच्या त्या खोलीत टीव्ही आणि ओटा समोरासमोर होते. फोडणी घालताना मान वळवली की पडदा दिसायचा. लग्न होऊन मी भांडुपला फ्लॅटमध्ये आले तेव्हा पहिल्यांदा कळलं की बहुतेक घरांत टीव्ही हॉलमध्ये असतो आणि गॅस आत. बघणं इकडे, करणं तिकडे. जाहिराती लागल्या की आत धावायचं, कांदा हलवायचा, परत यायचं. तोवर टीव्हीवरच्या बाईचा टोमॅटो पडून गेलेला.

सासूबाई सुगरण होत्या. हा शब्द मी हलकेपणाने वापरत नाही. त्यांचं सांदण, त्यांची डाळिंबी उसळ, पुरणपोळीचा पातळ पापुद्रा, यासाठी लोक लांबून यायचे. नवी सून म्हणून मला त्यांना काही विचारता येत नव्हतं. विचारलं की त्या प्रेमानेच सांगत, पण हॉलमध्ये बसलेल्या कुणीतरी म्हणायचंच, आईने शिकवलं नाही का? आईवर ती गोष्ट जायला नको म्हणून मी गप्प राहायला शिकले. शाळेच्या ऑफिसातून दोन वाजेपर्यंत घरी यायची. जेवणं झाली की सासूबाई दिवाणावर पडून टीव्ही लावायच्या, मी खाली बसून कपड्यांच्या घड्या घालायची. ई टीव्ही मराठीवर विष्णू मनोहरांची 'मेजवानी' असायची, नंतर 2007 पासून झी मराठीवर 'आम्ही सारे खवय्ये' आलं. प्रशांत दामले गप्पा मारत राहायचे आणि आपल्यासारखीच कुणीतरी बाई, कधी नागपूरची, कधी कोल्हापूरची, आपल्या घरातला पदार्थ करून दाखवायची. सुरुवातीला तिचा हात थरथरायचा, मग कढई तापली की ती विसरून जायची, आणि तिथून पुढे ती कॅमेऱ्याकडे बघायचीच नाही. मला त्या क्षणाची फार ओढ असायची. पाटवडी रस्सा, शेवभाजी, वडाभात, बिरडं. आमच्या आणि सासरच्या दोन्ही घरांत ज्या जेवणाला कधी पाय ठेवायला मिळाला नव्हता, ते दुपारी हॉलमध्ये येऊन बसायचं. कोणाचं अन्न कोणाच्या घरी शिजतं याचे आपल्याकडे किती कडक नियम आहेत, ते मोडायला कुणी भाषण केलं नाही. एक बाई आली आणि तिने आपली भाजी करून दाखवली.

आणि सासूबाई बोलायला लागायच्या. टीव्हीशी. "अगं बाई, गूळ आत्ता कुठे घालतेस, डाळ शिजू दे आधी. आंबट-गोड आधी पडलं की डाळ टणक राहते." "कूट जाडसर हवं, पीठ करून काय उपयोग." "झाकण काढू नको सारखं." पडद्यावरच्या बाईला ते ऐकू जाणार नव्हतं, हे त्यांना माहीत होतं. मी तिथे बसलेय, हेही माहीत होतं. मला सरळ सांगितलं असतं तर ती सासूची सूचना झाली असती. त्या बाईच्या नावाने सांगितलं की मला अपमान नाही आणि त्यांना संकोच नाही. त्यांच्या हातचं जे काही आज माझ्याकडे आहे ते बहुतेक सगळं मी अशा दुपारी, घड्या घालता घालता, दुसऱ्याच कुणाला मारलेल्या हाकांमधून उचललं. पापड भाजण्यापासून पुरण वाटण्यापर्यंत. पार्ल्याच्या मावशी ज्याला ताईची पद्धत म्हणतात, तीसुद्धा माझ्यापर्यंत टीव्हीसमोर बसूनच आली. हे मावशींना सांगायला हवं होतं, असं मला नंतर फार वाटलं.

घरचं म्हणजे काय, याचा मी गेले काही दिवस विचार करतेय. आईकडून लेकीला, सासूकडून सुनेला, अशी एकच वाट आपण धरून चाललो आहोत. त्या वाटेवर ज्यांना उभं राहायला जागा मिळते त्यांच्यासाठी ती चांगलीच आहे. पण नोकरी गेलेला पुरुष तिच्यावर उभा राहू शकत नाही. जिची आई लवकर गेली ती मुलगी, गावाहून येऊन चौघांत खोली घेऊन राहणारा मुलगा, जिला विचारायची चोरी आहे ती सून, यांना कुणी शिकवायचं? त्यांना टीव्हीने शिकवलं. हातावर चापट न मारता, तुला एवढंही येत नाही का असं न म्हणता, पुन्हापुन्हा, फुकट. त्यात तेल-मसाल्याच्या जाहिराती होत्या, स्पॉन्सरचा मिक्सर कॅमेऱ्यासमोर वळवून ठेवलेला असायचा, सगळं ठाऊक आहे. तरी ते शिकवणं होतं, आणि ज्यांनी ते घेतलं त्यांनी ते तसंच ठेवलं नाही. बघाऱ्या बैंगनचं वाटण आमच्या खोलीत आलं तेव्हा ते परकं होतं. आईने त्यातलं तेल कमी केलं, ताटात पाणी ठेवलं, आमसूल टाकलं. लालबागच्या डंकावर कुटलेला मसाला त्यात गेला. बाबांनी ते लिहून ठेवलं आणि त्याच पानावरून मला शिकवलं. मावशींच्या पानात जे वांगं पडलं ते शिजवायला इतकी माणसं लागली होती. त्यांपैकी एक पडद्यातून आला होता एवढ्यावरून ते घराबाहेरचं कसं ठरतं, ते मला समजत नाही. मावशींच्या पुरणपोळीतली हरभऱ्याची डाळही कुठल्यातरी शेतातून येते, घरात उगवत नाही.

आता शिकणं सोपं झालंय. मधुराज रेसिपीसारखे मराठी चॅनेल फोनवर आहेत, हवं तिथे थांबवा, मागे न्या, ओट्यावर टेकवून ठेवा. बाबांना हे मिळालं असतं तर डायरीतल्या कितीतरी कृती अर्ध्यावर तुटल्या नसत्या. एका पानावर नुसतं 'मग झाकण ठेवून' एवढंच आहे, पुढे काय ते कुणालाच माहीत नाही. माझा मुलगा बेंगळुरूला पहिल्या नोकरीवर आहे. तो डायरीही वाचत नाही आणि व्हिडिओही पूर्ण बघत नाही, तो सरळ मला फोन लावतो. फोन कढईवर धरतो आणि विचारतो, आई, हे बरोबर आहे का? विचारायची त्याला कधी लाज वाटली नाही, आणि त्याच्या खोलीतल्या चारही मुलांपैकी कुणालाच पुरता स्वयंपाक येत नाही. ज्याला जे येतं ते तो इतरांना शिकवतो. तिघं जण आता वांगी करतात, त्यातला एक बिहारचा आहे. परवा मी मुलाला म्हटलं, कांदा दिसतोय, पण ऐकू येत नाहीये, फोन जवळ धर. त्याने धरला. चुरचुर अजून चालू होती, म्हटलं थांब.

फक्त आमसूल मिळत नाही म्हणून तो वरून लिंबू पिळतो. मला ते मुळीच पटलेलं नाही. त्याला तसं स्पष्ट सांगितलंय, आणि पुढच्या आठवड्यात आमसुलं कुरिअर करतेय.